पिकअपचे पाटे वाढवण्याआधी: मागचा एक्सल आणि सस्पेन्शन रोजच्या वापरासाठी कसे बसवून घ्यावे

सोयाबीनचे कट्टे घेऊन मोंढ्याकडे निघालेली पिकअप मागून बसली, की बहुतेक मालक थेट कमानपाट्याच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, दुकानात जातात आणि ‘दोन पाटे वाढवा’ एवढेच सांगतात. काम दोन-तीन तासांत होते आणि गाडी मागून उंच दिसू लागते. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. रिकामी गाडी गतिरोधकावर उडते, हौद्याचे बोल्ट ढिले होतात, मागच्या हबमधून ऑइल पाझरते आणि ब्रेक पूर्वीसारखे लागत नाहीत. कामाचा क्रम उलटा झाल्यामुळे हे घडते. आधी वजन, मग एक्सल, त्यानंतर पाटे, शॉक ॲब्सॉर्बर आणि शेवटी ब्रेक व शाफ्टचा कोन असा क्रम ठेवला, तर अनेक गाड्यांना पाटा वाढवावाच लागत नाही.

पुढील टप्पे मागे सलग एक्सल आणि कमानपाटे असलेल्या, म्हणजे बोलेरो पिकअप किंवा योद्धा यांसारख्या गाड्यांसाठी आहेत. आठवड्यातून दोन दिवस भरून आणि उरलेले दिवस रिकामी किंवा अर्धवट भरलेली धावणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहेत. पोळा झाल्यावर सोयाबीन निघेपर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत सोयीचे असतात, कारण तेव्हा गाडीला काम कमी असते आणि मिस्त्रीलाही सवड असते.

## टप्पा १: भुईकाट्यावर वजन करा

पाट्यांवर किती भार येतो हे माहीत नसताना पाटे ठरवता येत नाहीत. त्यासाठी भुईकाट्यावर चार वजने घ्या: रिकामी पूर्ण गाडी, रिकाम्या गाडीची फक्त मागची चाके, नेहमीच्या मालासह पूर्ण गाडी आणि मालासह फक्त मागची चाके. फक्त मागच्या चाकांचे वजन घेताना गाडी उतारावर नसावी आणि काट्याचा पृष्ठभाग बाहेरच्या जमिनीच्या पातळीत असावा. प्रत्येक वजनाची पावती जपून ठेवा.

मालासह पूर्ण गाडीचे वजन नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनापेक्षा जास्त भरले, तर काम तिथेच थांबवा. पाटा वाढवला म्हणून एक्सलची, हबच्या बेअरिंगची, टायरची, ब्रेकची किंवा चॅसिसची ताकद वाढत नाही. गाडी बसलेली दिसत नाही इतकेच होते, आणि त्यामुळे जास्त माल भरल्याची डोळ्यांना मिळणारी सूचनाही नाहीशी होते. अशा वेळी खेप दोन फेऱ्यांत विभागणे किंवा मोठी गाडी लावणे हेच योग्य आहे.

## टप्पा २: उंची मोजा आणि पाट्यांची खरी अवस्था ओळखा

सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि टायरची हवा थंड असताना कंपनीच्या तक्त्याप्रमाणे भरा. रिकाम्या गाडीतही पूर्ण भाराची हवा ठेवल्यामुळे गाडी उडते आणि दोष मात्र पाट्यांना दिला जातो, म्हणून हवा आधी तपासावी. त्यानंतर चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहा. हीच मापे माल भरल्यावर पुन्हा घ्या.

या मापांतून पुष्कळ कळते. समजा, मागच्या एक्सलवर मालामुळे १,३०० किलो भार वाढला, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे ६५० किलो. डावी बाजू १०० मिलिमीटर बसली आणि उजवी १३० मिलिमीटर, तर माल मधोमध ठेवलेला असताना उजव्या पाट्यांत दोष आहे असा त्याचा अर्थ होतो: एखादा पाटा तुटलेला असेल, बुश (जोडांतील रबरी नळ्या) गेले असतील किंवा कमान मेलेली असेल. दोन्ही बाजू सारख्याच बसत असतील आणि पूर्ण भारावर पाटे जवळजवळ सरळ होत असतील, तर ते ठीक आहेत. भरलेल्या गाडीत पाटे उलट्या दिशेने वाकत असतील, तरच ते दुबळे झाले आहेत असे समजावे.

तपासणी: रिकामी पिकअप मागून थोडी उंच दिसणे स्वाभाविक आहे. ती सपाट दिसावी म्हणून पाटे काढू नका आणि रुबाबदार दिसावी म्हणून वाढवूही नका.

## टप्पा ३: कागद आणि सुटे भाग

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवून दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात नमूद असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात हीच बाब स्पष्ट केली आहे. म्हणून वेगळ्या गाडीचा एक्सल बसवणे, चॅसिस कापणे किंवा टायरचा आकार बदलणे हे मार्ग सोडून द्यावेत. त्याच मॉडेलसाठी कंपनीने दिलेले पाटे, बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि हेल्पर पाटा (माल भरल्यावरच आधाराला येणारा जादा पाटा) एवढ्यात रोजच्या वापराचे काम होते.

गाडी उचलण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) व नट, सेंटर बोल्ट (पाट्यांच्या मधून जाणारा), पाट्यांचे आणि शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या हलत्या कडीचे) बुश, बंप स्टॉपर, हबची ऑइल सील, गरज असल्यास शॉक ॲब्सॉर्बरची जोडी, डिफरन्शियल ऑइल आणि टॉर्क पाना हे सर्व हाताशी असू द्या. नट किती घट्ट करायचे ते आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस पुस्तिकेतूनच घ्यावेत. गाडी उघडी असताना एखादा भाग मिळाला नाही, की जुनाच यू-बोल्ट परत चढवला जातो, आणि ही चूक सर्वांत जास्त वेळा घडते.

## टप्पा ४: धुणे आणि उचलणे

काळ्या मातीचा चिखल पाट्यांच्या फटींत आणि एक्सलवर दगडासारखा वाळतो आणि त्याखालची भेग दिसत नाही. म्हणून काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी खालची बाजू पाण्याच्या दाबाने धुऊन घ्या. यू-बोल्ट आणि शॅकलच्या नटांवर गंज सोडवणारे द्रव्य मारून रात्रभर राहू द्या.

गाडी उचलण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. हँडब्रेक बहुधा मागच्या चाकांवर काम करतो, त्यामुळे मागची चाके उचलल्यावर त्याचा उपयोग राहत नाही. चॅसिसच्या दोन्ही दांड्यांखाली घोड्या (लोखंडी स्टँड) ठेवा आणि एक्सलला स्वतंत्र जॅकचा आधार द्या.

सावधान: केवळ जॅकच्या, विटांच्या किंवा दगडांच्या आधारावर असलेल्या गाडीखाली जाऊ नका. घोड्यांवर भार आल्यानंतर गाडी बाजूने हलवून पाहा आणि मगच चाके काढा.

## टप्पा ५: आधी एक्सल

पाटे कितीही चांगले बसवले, तरी खालचा एक्सल खिळखिळा असेल तर खर्च वाया जातो. त्यामुळे या टप्प्याला घाई करू नये.

तुमचा एक्सल कोणत्या प्रकारचा आहे हे प्रथम ओळखा. काही गाड्यांत चाकाचा भार आणि ओढ दोन्ही एक्सल शाफ्टवरच येतात. तिथे जादा भाराने शाफ्ट वाकतो, आणि तो तुटला तर चाकच बाहेर येऊ शकते. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या मध्यभागी बोल्टांचे कडे असलेली फ्लँज बाहेर आलेली दिसते. तिथे हब दोन टेपर बेअरिंगांवर बसलेला असतो, भार हाऊसिंगवर येतो आणि शाफ्ट केवळ चाक फिरवतो. पहिल्या प्रकारच्या गाडीला पाटे वाढवण्याचा विचार शक्यतो मनातूनच काढून टाकावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्येक चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर बेअरिंग उघडावेच लागेल. टेपर बेअरिंग परत बसवताना हब फिरवत फिरवत नट घट्ट करतात, मग तो सैल करून पुस्तिकेत दिल्याप्रमाणे पुन्हा हलकेच आवळतात. हब न फिरवता नट आवळल्यास रोलर आपल्या जागी बसत नाहीत आणि काही दिवसांत पुन्हा खडखड येते. जुने ग्रीस पूर्ण पुसून नवे भरा, कारण दोन वेगळ्या प्रकारची ग्रीस मिसळल्यावर पातळ होऊन वाहू शकतात.

ब्रेक ड्रमच्या आत ऑइल दिसले, तर नवी सील लावण्याआधी एक्सल हाऊसिंगवरील हवेची नळी, म्हणजे ब्रीदर, तपासा. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तो चिखलाने बुजलेला हमखास सापडतो. डिफरन्शियल गरम झाल्यावर आत वाढलेला दाब ब्रीदरमधून बाहेर पडू शकला नाही, की तो सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर तसाच ठेवून वर्षातून दोनदा सील बदलणारे मालक मी पाहिले आहेत. ऑइल लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन वापरू नका, दोन्ही बाजूंचे नवे घाला.

यानंतर डिफरन्शियलचे ऑइल कोमट असताना सोडा. बुचाच्या चुंबकाला चिकटलेली बारीक काळी लेप ही सामान्य झीज असते, पण बोटांना टोचणारे तुकडे निघाले तर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधील दातेरी चक्रे, उघडून पाहावे लागते. नवे ऑइल पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचे, बहुधा जीएल-५ प्रतीचे, भरा. गाडी सपाट असताना भरण्याच्या छिद्रातून ते ओघळू लागेपर्यंत भरावे.

सावधान: एक्सल हाऊसिंगवर वेल्डिंग करू नका. पाट्याची बैठक झिजली म्हणून तिथे वेल्डिंग केले, तर उष्णतेने हाऊसिंग किंचित वाकते. हे वाकणे डोळ्यांना दिसत नाही, पण सील आणि बेअरिंग वारंवार जाऊ लागतात.

## टप्पा ६: पाट्यांचा निर्णय

पाटे उतरवण्यापूर्वी डावे-उजवे आणि पुढची बाजू रंगाने खुणावून ठेवा. सुटे केल्यावर प्रत्येक पाटा तारेच्या ब्रशने घासा. सेंटर बोल्टच्या छिद्राजवळ आणि टोकाच्या डोळ्याजवळ भेगा शोधा, कारण पाटे बहुधा तिथेच तुटतात.

पाटा वाढवल्याने कडकपणा किती वाढतो याचा ढोबळ हिशेब प्रत्येक मालकाला माहीत असावा. सारख्या जाडीच्या पाच पाट्यांत दोन वाढवले, तर कडकपणा साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम त्याहून मोठा आहे, कारण कडकपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो: ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा पाटा जवळजवळ दुप्पट कडक होतो. हा कडकपणा रिकाम्या गाडीतही कायम राहतो आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का हौद्याला आणि चॅसिसला बसतो. त्यातून अवस्थेनुसार पुढीलप्रमाणे निर्णय घ्यावा.

एखादाच पाटा तुटला असेल आणि बाकीच्यांची कमान शाबूत असेल, तर त्याच मापाचा पाटा घाला. नव्याची कमान शेजारच्या पाट्याशी जुळते का ते पाहा. न जुळल्यास सगळा भार त्या एकट्यावर येतो आणि तोच पुन्हा तुटतो. सर्व पाट्यांची कमान उतरली असेल, तर दोन्ही बाजूंचे पूर्ण संच बदला. भट्टीत लाल करून ठोकून कमान चढवण्याची पद्धत स्वस्त आहे, पण पाट्याच्या पोलादाला योग्य तापमानावर पाणी चढवून (तापवून झटकन थंड करून) नंतर ते उतरवले (पुन्हा हलके तापवून ठिसूळपणा घालवला) नाही, तर ती कमान लवकरच पुन्हा उतरते किंवा पाटा ठिसूळ होऊन तुटतो.

पाटे ठीक असतील, पण भरल्यावरच आधार कमी पडत असेल, तर मुख्य संचाला हात न लावता हेल्पर पाटा योग्य अंतरावर बसवून घ्या. रिकाम्या गाडीत त्याची टोके चॅसिसवरील आधाराला टेकलेली नसावीत आणि साधारण अर्ध्या भारावर ती टेकू लागावीत. टप्पा २ मधील मापांवरून हे अंतर काढता येते: पूर्ण भाराने गाडी १०० मिलिमीटर बसत असेल, तर फट ५० मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. रोजच्या मिश्र वापरासाठी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो.

तुमच्या गाडीचे पाटे मध्ये जाड व टोकांकडे पातळ होत जाणारे, म्हणजे पॅराबोलिक असतील आणि ते केवळ मध्यभागी व टोकांना एकमेकांना टेकत असतील, तर त्यांत साधा सपाट पाटा कधीही घुसवू नका. त्याने पाटे मध्येच एकमेकांवर टेकतात आणि ताण भलत्या ठिकाणी जातो.

सावधान: पाट्यांना एकत्र धरणारे क्लॅम्प परत बसवायला विसरू नका. खड्ड्यातून चाक खाली लटकते तेव्हा हे क्लॅम्प नसतील, तर सगळा ताण एकट्या मुख्य पाट्यावर येतो.

## टप्पा ७: जोडणी

पाट्यांमध्ये ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ थर द्या. जळके इंजिन ऑइल ओतण्याची सवय सोडावी, कारण त्यावर धूळ बसून ती पाटे घासते आणि रबरी बुशही फुगतात.

सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरील बैठकीच्या छिद्रात नेमके बसले पाहिजे. हे डोके छिद्रात न उतरता कडेवर टेकले आणि तसेच यू-बोल्ट आवळले, तर पुढे कधीतरी एक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालू लागते. यू-बोल्ट नेहमी नवेच घाला, कारण एकदा पूर्ण ताण घेतलेला बोल्ट लांबलेला असतो. चारही नट आधी हाताने फिरवा आणि मग कर्णरेषेत, तीन-चार फेऱ्यांत, थोडे थोडे आवळा. शेवटी चारही बाजूंना नटाबाहेर दिसणारे आटे सारखे असावेत.

पाट्यांच्या आणि शॅकलच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी चॅसिसखालच्या घोड्यांवर आणि एक्सल लटकलेला असताना पूर्ण घट्ट करू नका, हे मी मुद्दाम वेगळे सांगतो. तसे केल्यास रबर लटकलेल्या स्थितीत जखडते, गाडी खाली येताच पिळले जाते आणि थोड्याच काळात फाटते. प्रथम बोल्ट नुसते अडकवा, घोड्या एक्सलखाली हलवून गाडीचे वजन पाट्यांवर येऊ द्या आणि त्यानंतर टॉर्क पान्याने घट्ट करा.

तपासणी: दोन्ही बाजूंनी मागच्या चाकाच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजा. डाव्या-उजव्यात काही मिलिमीटरांपेक्षा जास्त फरक आला, तर सेंटर बोल्ट पुन्हा पाहा.

## टप्पा ८: शॉक ॲब्सॉर्बर आणि बंप स्टॉपर

शॉक ॲब्सॉर्बर भार उचलत नाही, तो पाट्यांचे हेलकावे थांबवतो. ऑइल गळत असेल किंवा हाताने दाबताना मध्येच मोकळा होत असेल, तर जोडीने बदला. नवा बसवण्यापूर्वी तो उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा आणि सोडा. गाडीची उंची वाढली असेल, तर चाक पूर्ण लटकलेले असताना शॉक ॲब्सॉर्बर ताणून संपत नाही ना आणि ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हे पाहा. बंप स्टॉपरचे रबर जागेवर असावे, त्याच्या अभावी एक्सल थेट चॅसिसवर आदळतो.

## टप्पा ९: ब्रेकचा व्हॉल्व्ह

बऱ्याच पिकअपमध्ये चॅसिस आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये एक दांडी किंवा स्प्रिंग असते, ती भारानुसार मागचे ब्रेक नियंत्रित करणाऱ्या व्हॉल्व्हला जोडलेली असते. गाडी बसली, की व्हॉल्व्हला माल भरल्याचे कळते आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे कडक केल्यावर भरलेली गाडीही बसत नाही, त्यामुळे व्हॉल्व्ह तिला रिकामीच समजतो आणि मागचा दाब कमी ठेवतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या पिकअपला दोन पाटे वाढवून घेताना ही गोष्ट ना मला ठाऊक होती, ना काम करणाऱ्या मिस्त्रीने सांगितली. मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी उतरवताना पुढचे ब्रेक तापून पेडल खोल जाऊ लागले. गाडी खालच्या गिअरमध्ये कशीबशी बाजूला घेता आली. मागचे ड्रम त्या वेळी जेमतेम कोमट होते.

उंचीत किंवा कडकपणात बदल झाला असेल, तर हा व्हॉल्व्ह पुस्तिकेतील मापाप्रमाणे अधिकृत ठिकाणी जुळवून घ्या.

सावधान: दांडी तारेने बांधून ठेवणे किंवा व्हॉल्व्ह काढून टाकणे धोक्याचे आहे. तसे केल्यास रिकाम्या गाडीत मागची चाके जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग फिरतो.

## टप्पा १०: शाफ्टचा कोन, अलाइनमेंट आणि दिवे

मागची उंची बदलली, की पिनियनचा कोनही बदलतो. विशिष्ट वेगाला गाडीच्या तळातून घरघर किंवा थरथर जाणवू लागली, तर प्रॉपेलर शाफ्टच्या दोन टोकांच्या जॉइंटचे कोन मोजून घ्या. दोन्ही साधारण १ ते ३ अंशांत आणि एकमेकांच्या १ अंशाच्या आत असावेत. फरक जास्त असल्यास योग्य पाचर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये बसवता येते. मागून उंची वाढवण्यासाठी लोखंडी ठोकळे एकावर एक रचू नयेत, त्यांनी एक्सल पीळ घेतो. शेवटी पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून घ्या आणि हेडलाइटची दिशा तपासा.

## टप्पा ११: चाचणी

पहिल्या दिवशी माल न भरता २०-२५ किलोमीटर चालवा आणि मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक लावून गाडी एका बाजूला ओढते का ते पाहा. थांबल्यावर चारही हबजवळ हात न लावता उष्णता जाणून घ्या. एखादा हब दुसऱ्या बाजूच्या हबपेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक धरून राहतो आहे. दुसऱ्या फेरीत अर्धा माल आणि तिसऱ्या फेरीत नेहमीचा पूर्ण माल भरा. पूर्ण माल भरल्यावर टप्पा २ मधील मापे पुन्हा घ्या आणि आधीच्या आकड्यांशेजारी लिहा.

यू-बोल्ट आणि चाकांचे नट पहिल्या १०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, आणि १,००० किलोमीटरला आणखी एकदा. नवे पाटे आणि बैठक एकमेकांत दबून बसतात, त्यामुळे पहिल्या वेळी नट थोडे फिरतातच. १,००० किलोमीटरलाही ते फिरले, तर केवळ आवळून गाडी परत नेऊ नका. सेंटर बोल्ट आणि बैठक उघडून पाहा.